आभासी राउटरची व्याख्या: लॅब दुसऱ्याच्या संगणकावरही उभी राहावी म्हणून

नेटवर्कची लॅब एका संगणकावर चालते आणि दुसऱ्यावर चालत नाही, ही तक्रार शिकणारे आणि शिकवणारे दोघेही करतात. जोडणीचा आराखडा तोच, पत्ते तेच, आज्ञाही त्याच. तरी शेजारचा राउटर दिसत नाही, कन्सोलची खिडकी काळीच राहते, किंवा दहावे उपकरण चालू करताच सगळा संगणक गोठतो. मग ओएसपीएफच्या मांडणीत चूक शोधण्यात तास जातो. पुष्कळदा चूक त्याच्याही खालच्या थरात असते. ज्या आभासी उपकरणांवर लॅब उभी आहे, त्यांची व्याख्याच अर्धवट लिहिलेली असते.

ही व्याख्या नीट कशी लिहायची, ते या लेखात सांगायचे आहे. उदाहरणासाठी जीएनएस३ हे मुक्त सॉफ्टवेअर आणि मायक्रोटिक या लॅटव्हियातल्या कंपनीचा क्लाउड होस्टेड राउटर, म्हणजे सीएचआर, घेऊ. सीएचआरची इमेज कंपनीच्या संकेतस्थळावरून मोफत मिळते आणि आकाराने लहान असते. शिवाय आपल्याकडे लहान शहरांत आणि तालुक्याच्या गावी ब्रॉडबँड देणाऱ्या कित्येक चालकांकडे याच कंपनीचे राउटर कामाला असतात. चालू राउटरवर रात्री बदल करून शेकडो घरांचे इंटरनेट बंद पाडण्यापेक्षा तोच बदल आधी लॅबमध्ये करून पाहणे केव्हाही बरे. पण लॅब खऱ्या यंत्रासारखी वागली तरच तो सराव उपयोगाचा.

आज्ञांची आणि रकान्यांची नावे इथे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीत टंकायची आहेत.

व्याख्येची गरज कुठून आली

२००५ मध्ये फ्रान्समधल्या क्रिस्तोफ फियो यांनी डायनामिप्स लिहायला घेतले. त्यामुळे सिस्कोचे काही ठरावीक राउटर साध्या संगणकावर चालू लागले. जेरेमी ग्रॉसमन यांनी त्यावर जीएनएस३ उभारले आणि उपकरणे पडद्यावर ठेवून तारा ओढता येऊ लागल्या. त्या काळी उपकरणाबद्दल फार सांगावे लागत नसे. ७२०० मालिकेच्या राउटरला किती खाचा, कोणत्या खाचेत कोणते पोर्ट, हे डायनामिप्सलाच माहीत होते.

पुढे जीएनएस३मध्ये आभासी संगणक चालवणारे क्यूईएमयू आले आणि कुठल्याही कंपनीचे उपकरण चालवायची सोय झाली. मात्र क्यूईएमयूच्या लेखी प्रत्येक उपकरण हा एक सर्वसाधारण संगणक असतो: एक डिस्क, थोडी मेमरी, काही नेटवर्क कार्डे. आत राउटर आहे की फायरवॉल, तिसऱ्या कार्डाला आतली प्रणाली कोणत्या नावाने ओळखते, तिचा पडदा सिरियल पोर्टवर उमटतो की चित्रमय खिडकीत, यातले काहीच त्याला ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम व्याख्येचे. म्हणून व्याख्येतली प्रत्येक ओळ आतल्या यंत्राशी ताडून पाहिलेली असावी, आणि तिच्या भरवशावर दुसऱ्या माणसाला तुम्हाला एकही प्रश्न न विचारता तेच उपकरण उभे करता यावे. या दोन कसोट्यांना जी उतरते ती पुरी व्याख्या.

जीएनएस३मध्ये तीन थर आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. पहिला अप्लायन्स: हा जेसन पद्धतीने लिहिलेला छोटा मजकूर असतो आणि फाइलच्या नावाच्या शेवटी ‘.जीएनएस३ए’ असते. हाच दुसऱ्याला द्यायचा. दुसरा टेम्प्लेट: अप्लायन्स आयात केल्यावर तुमच्या संगणकावर तयार होतो तो साचा. तिसरा नोड: आराखड्यावर प्रत्यक्ष ठेवलेले उपकरण. अप्लायन्सची फाइल बदलली म्हणून आधी आयात केलेला टेम्प्लेट बदलत नाही, आणि टेम्प्लेट बदलला म्हणून आधी ठेवलेले नोड बदलत नाहीत. मेमरी वाढवूनही राउटर तसाच अडखळत असेल, तर बदल कोणत्या थरात केला ते आधी पाहा.

अप्लायन्सच्या फाइलमध्ये इमेज नसते. तिचे फक्त नाव, आकार, ठसा (हॅश) आणि ती कुठे मिळेल तो दुवा असतो. याला सबळ कारण आहे. सिस्कोसारख्या कंपन्यांच्या इमेज परवान्याखाली मिळतात आणि त्या परस्पर वाटता येत नाहीत. व्याख्या मात्र मोकळेपणाने वाटता येते. ज्याच्याकडे परवाना आहे तो आपली इमेज त्या व्याख्येला जोडतो. महाविद्यालयात लॅब उभारणाऱ्यांनी हा भेद पहिल्या दिवसापासून पाळावा: विद्यार्थ्यांना व्याख्या द्यायची, इमेज अधिकृत ठिकाणाहून घ्यायला सांगायची.

लिहायला बसण्याआधी

उत्पादकाची कागदपत्रे उघडा आणि सहा गोष्टी एका पानावर उतरवा. किमान मेमरी किती? किती सीपीयू लागतात? डिस्क कोणत्या प्रकारे जोडायची: आयडीई, साटा की व्हर्टआयओ? कोणत्या प्रकारचे नेटवर्क कार्ड चालते? कन्सोल सिरियल आहे की चित्रमय? आणि पोर्टांची नावे कोणत्या क्रमाने लागतात? यासोबत पहिल्या प्रवेशाचे नाव, पासवर्ड आणि परवान्याच्या मर्यादा लिहून ठेवा.

जीएनएस३च्या रजिस्ट्रीत बऱ्याच उपकरणांच्या तयार व्याख्या आहेत. तुमचे उपकरण तिथे असेल तर तीच घ्या आणि तुमच्या गरजेपुरती बदला. नसेल तर जवळच्या उपकरणाची व्याख्या समोर ठेवून लिहा. जेसनमध्ये एक स्वल्पविराम चुकला तरी फाइल आयात होत नाही, म्हणून जतन केल्यावर पायथनच्या ‘जेसन.टूल’मधून ती एकदा तपासून घ्या. चूक कोणत्या ओळीत आहे ते लगेच कळते.

इमेज: नाव, आकार, ठसा

‘इमेजेस’ या रकान्यात प्रत्येक इमेज फाइलची नोंद असते: फाइलचे नाव, आवृत्ती, बाइटमध्ये आकार आणि एमडी५ ठसा. १२८ एमबीच्या डिस्कची कच्ची फाइल असेल तर आकार १३,४२,१७,७२८ असा पुरा लिहायचा, स्वल्पविराम न देता. जीएनएस३ आकार आणि ठसा जुळवून फाइल ओळखते. फाइल जुळत नाही असा संदेश आला की ‘कस्टम फाइल चालेल’ असा पर्याय खुणावून पुढे जाण्याचा मोह होतो. शिकण्याच्या लॅबमध्ये तो टाळा. अर्धवट उतरलेली फाइल किंवा वेगळी आवृत्ती त्याच वाटेने आत शिरते आणि मग एकाच वर्गातल्या दोघांना एकाच आज्ञेची दोन वेगळी उत्तरे मिळतात.

कंपनी इमेज झिप करून देत असेल तर ठसा आतल्या फाइलचा घ्या, झिपचा नव्हे. आणि एमडी५वर किती विसंबायचे तेही पक्के असू द्या. फाइल तीच आहे ना, एवढे ओळखायला तो पुरेसा आहे. फाइल खोडसाळपणे बदललेली नाही याची खात्री मात्र त्याने होत नाही, कारण एकच एमडी५ ठसा असलेल्या दोन वेगळ्या फाइली बनवता येतात हे २००४ मध्येच दाखवले गेले. त्यासाठी कंपनीने दिलेला एसएचए२५६ ठसा इमेज उतरवतानाच ताडून घ्या.

‘व्हर्जन्स’ या रकान्यात कोणत्या आवृत्तीला कोणती डिस्क लावायची ते येते. नवी आवृत्ती आली की जुनी नोंद पुसू नका, खाली नवी जोडा. गेल्या वर्षीच्या प्रात्यक्षिकाची उत्तरे जुन्या आवृत्तीवरची असतात.

मेमरीचा हिशेब

मेमरीचा आकडा अंदाजाने भरू नये. सीएचआरसाठी मायक्रोटिकने सूत्र दिले आहे. राउटरओएस या सीएचआरच्या प्रणालीच्या सातव्या आवृत्तीत किमान मेमरी म्हणजे २५६ एमबी, अधिक ८ गुणिले सीपीयूंची संख्या गुणिले पोर्टांच्या संख्येतून एक वजा. एक सीपीयू आणि आठ पोर्ट घेतले तर २५६ अधिक ५६, म्हणजे ३१२ एमबी. म्हणजे ‘२५६ पुरतात’ असे ऐकून आठ पोर्टांच्या राउटरला तेवढीच मेमरी देणारा माणूस हिशेबाने कमीच देतो. कंपनीची शिफारस १ जीबीची आहे. राउटिंगच्या छोट्या सरावाला ५१२ एमबी हा मधला आकडा ठीक. दहा राउटरांची लॅब मग ५ जीबीत बसते, आणि १६ जीबीच्या लॅपटॉपवर ब्राउझरलाही जागा उरते.

हाच हिशेब जड उपकरणांना लावून पाहा. सिस्कोचा सीएसआर १०००व्ही एकटाच तीन-चार जीबी घेतो, नेक्सस ९०००व्हीला त्याहून कितीतरी जास्त लागते. ८ जीबीच्या लॅपटॉपवर असे दोन ठेवले तरी जागा संपली. तेव्हा लॅबचा हेतू आधी ठरवा. ओएसपीएफचे एरिया समजून घ्यायला जड उपकरण लागत नाही. त्या विशिष्ट कंपनीच्या आज्ञांचा सराव हवा असेल तरच त्याचा भार उचला.

वेगाचा प्रश्न सीपीयूशीही जोडलेला आहे. लिनक्सच्या केव्हीएममुळे आतली प्रणाली थेट प्रोसेसरवर चालते. ते नसेल तर क्यूईएमयू प्रत्येक सूचना अनुवादून चालवते आणि उपकरण कैक पटींनी मंदावते. व्याख्येत केव्हीएमच्या रकान्यात ‘रिक्वायर’, ‘अलाउ’ किंवा ‘डिसेबल’ यांपैकी एक लिहायचे असते. सीएचआर हलका असल्याने त्याला ‘अलाउ’ चालते. जड उपकरणाला ‘रिक्वायर’ लिहा, म्हणजे केव्हीएम नसलेल्या संगणकावर ते तासभर रेंगाळण्याऐवजी लगेच कारण सांगून थांबेल. विंडोजवर जीएनएस३ व्हीएम वापरत असाल, तर बायोसमधली आभासीकरणाची सोय चालू आहे ना आणि ती व्हीएमच्या आतपर्यंत पोहोचते ना, दोन्ही तपासा. अॅपलच्या एम मालिकेच्या प्रोसेसरवर इंटेलसाठी बनवलेली इमेज केव्हीएमसारख्या वेगाने चालणार नाही. तिथे एआरएमसाठीची इमेज शोधा किंवा लॅब दुसऱ्या सर्व्हरवर चालवा.

पोर्टांची नावे: इथे सर्वांत जास्त काळजी

आराखड्यावर तार ओढताना जीएनएस३ पोर्टाचे नाव दाखवते. ते नाव आतून आलेले नसते, व्याख्येतून आलेले असते. व्याख्येतले नाव आणि आतले नाव जुळले नाही तर नकाशा खोटा बोलतो. शिकणाऱ्याला हे कळण्याची शक्यता फार कमी, कारण त्याच्या दृष्टीने नकाशा चुकूच शकत नाही.

सीएचआरमध्ये पोर्ट ईथर१ पासून सुरू होतात. म्हणून ‘पोर्ट नेम फॉरमॅट’ या रकान्यात ‘ईथर’ या शब्दाला लागून महिरपी कंसात ‘पोर्ट१’ लिहायचे. म्हणजे मोजणी एकपासून. तिथे ‘पोर्ट०’ लिहिले तर नकाशा ईथर० पासून नावे देतो, आणि नकाशावरची ईथर२ ची तार आत ईथर३ ला लागते. व्हायओएस हा डेबियनवर आधारलेला मुक्त राउटर आहे. त्यात नावे ईथ० पासून सुरू होतात, तिथे शून्यच बरोबर.

काही उपकरणांत पहिले कार्ड व्यवस्थापनासाठी राखलेले असते आणि त्याचे नाव निराळे असते. जुनिपरच्या व्हीएसआरएक्समध्ये पहिले एफएक्सपी०, त्यानंतर जीई-०/०/० पासून पुढे. अरिस्टाच्या व्हीईओएसमध्ये पहिले मॅनेजमेंट१, मग इथरनेट१ पासून. अशांसाठी ‘फर्स्ट पोर्ट नेम’ हा वेगळा रकाना आहे. सिस्कोच्या आयओएसव्ही एल२ स्विचमध्ये चार-चार पोर्टांचे गट असतात: ०/० ते ०/३, मग १/० पासून. तिथे ‘पोर्ट सेगमेंट साइज’मध्ये ४ लिहिल्याशिवाय पाचव्या तारेपासून नावे चुकतात.

नावे बरोबर लागली का, हे पाहण्याची पद्धत सोपी आहे आणि ती प्रत्येक नव्या व्याख्येसाठी करावीच. सीएचआर चालू करा आणि कन्सोलवर ‘इंटरफेस ईथरनेट प्रिंट’ द्या. प्रत्येक पोर्टासमोर त्याचा मॅक पत्ता येतो. जीएनएस३ क्यूईएमयूच्या नोडला जे मॅक पत्ते देते, ते कार्डागणिक एकाने वाढत जातात: पहिल्या कार्डाचा शेवट ००, दुसऱ्याचा ०१, तिसऱ्याचा ०२. म्हणजे ईथर१ समोर ०० ने संपणारा पत्ता दिसला, ईथर२ समोर ०१ ने, तर क्रम बरोबर. एखाद्या उपकरणात ०२ ने संपणारा पत्ता पहिल्या पोर्टासमोर दिसला, तर आतल्या प्रणालीने कार्डे आपल्या क्रमाने लावली आहेत. मग व्याख्या त्या क्रमाला जुळवा, किंवा कार्डाचा प्रकार बदलून पुन्हा पाहा.

दुसरी खात्री तारेने करा. दोन सीएचआर घ्या, पहिल्याच्या ईथर३ मधून दुसऱ्याच्या ईथर५ ला तार जोडा आणि ‘आयपी नेबर प्रिंट’ द्या. मायक्रोटिकचे राउटर शेजाऱ्याला आपली ओळख आपणहून सांगत असतात. पहिल्यावर शेजारी ईथर३ वर दिसला आणि त्याच्या बाजूचे पोर्ट ईथर५ असे आले, की नकाशा आणि यंत्र एकच गोष्ट सांगतात. एवढ्यावर न थांबता शेवटचे पोर्टही असेच तपासा. गटांची चूक पहिल्या दोन-तीन पोर्टांत दिसत नाही.

कार्डाच्या प्रकाराबद्दल थोडक्यात. ई१००० हे इंटेलचे जुने कार्ड जवळजवळ सर्व प्रणालींना ओळखीचे आहे. व्हर्टआयओ वेगवान आहे, पण आत त्याचा ड्रायव्हर हवा. सीएचआरमध्ये तो आहे, म्हणून व्हर्टआयओ घ्या. पीएफसेन्स या फायरवॉलला व्हर्टआयओ कार्ड दिले तर त्याच्या मांडणीत हार्डवेअर चेकसम ऑफलोड बंद करा. नाहीतर पिंग चालते आणि टीसीपी अडते, असा गोंधळात टाकणारा दोष दिसू शकतो.

कन्सोल आणि वापराची टीप

‘कन्सोल टाइप’मध्ये टेलनेट लिहिले, तर उपकरणाच्या सिरियल पोर्टवर जे येते तेच दिसते. सीएचआर सिरियलवर बोलतो, त्यामुळे टेलनेट योग्य. साधी लिनक्स इमेज मात्र अनेकदा फक्त चित्रमय पडद्यावर लिहिते आणि टेलनेटची खिडकी काळी राहते. उपकरण अडकलेले नसते, त्याचा आवाज दुसऱ्या दारातून जात असतो. अशा वेळी एकतर कर्नलच्या सुरुवातीच्या ओळीत सिरियल कन्सोल ‘टीटीवायएस०’ जोडा, किंवा व्याख्येत व्हीएनसी लिहा. ओपीएनसेन्ससारखे प्रकल्प सिरियलसाठी आणि पडद्यासाठी वेगवेगळ्या इमेज देतात; कोणती घेतली ते व्याख्येतल्या फाइलच्या नावातून कळले पाहिजे.

‘यूसेज’ हा रकाना पुष्कळ जण कोरा ठेवतात. मला तो साऱ्या व्याख्येत सर्वांत माणुसकीचा वाटतो, कारण बाकीचे रकाने यंत्रासाठी असतात आणि हा माणसासाठी. उपकरण आयात करताना हाच मजकूर समोर येतो. सीएचआरसाठी त्यात निदान चार गोष्टी असाव्यात. प्रवेशाचे नाव ‘अॅडमिन’, पासवर्ड रिकामा, आणि नव्या आवृत्त्यांत पहिल्याच प्रवेशाला नवा पासवर्ड मागितला जातो. पहिल्यांदा चालू केल्यावर राउटरओएस डिस्कवर बसते आणि पुन्हा सुरू होते, त्यामुळे मिनिटभर थांबावे. डिस्क मोठी हवी असेल तर ती पहिल्यांदा चालू करण्याआधीच वाढवावी. आणि मोफत परवान्यात प्रत्येक इंटरफेसवरून बाहेर जाणारा वेग १ एमबीपीएसला बांधलेला असतो.

ही शेवटची ओळ तर हमखास लिहा. क्यू लावून ग्राहकाचा वेग ५ एमबीपीएसवर ठेवायचा, असा सराव ब्रॉडबँडच्या कामाला अगदी जवळचा आहे. टीप नसेल तर शिकणारा क्यूच्या नियमांत दिवस घालवतो, कारण काहीही केले तरी वेग एकच्या वर जात नाही. त्याला सांगा की मोफत परवान्यावर ५१२ केबीपीएसची क्यू लावून नियम तपासावा, किंवा कंपनीकडे खाते उघडून ६० दिवसांचा चाचणी परवाना घ्यावा.

मूळ इमेज कोरी ठेवा

एका टेम्प्लेटवरून दहा नोड ठेवले तरी इमेजच्या दहा प्रती होत नाहीत. मूळ इमेज एकच राहते आणि प्रत्येक नोडची बदलांची वेगळी फाइल तिच्यावर बसते. त्यामुळे जागा वाचते, पण दोन पथ्ये पाळावी लागतात.

पहिले: नोड तयार झाल्यावर मूळ इमेजला हात लावायचा नाही. ती बदलली की तिच्यावर टेकलेले सगळे नोड बिघडू शकतात. बदल हवा असेल तर प्रत काढा, तिला नवे नाव द्या आणि व्याख्येत नवी आवृत्ती म्हणून जोडा.

दुसरे: मूळ इमेज एकदा चालू करून तिच्यात काही बसवले असेल, तर तिची ओळख पुसून मग ती वापरा. नाहीतर दहाही नोड स्वतःला एकच यंत्र समजतात. उबंटू सर्व्हरच्या प्रतींत हे ठळकपणे दिसते. डीएचसीपीकडे पत्ता मागताना ही प्रणाली जी ओळख देते, ती ‘मशीन-आयडी’ या फाइलवरून बनते. फाइल सारखी म्हणून ओळख सारखी, आणि मॅक पत्ते वेगळे असूनही दोन नोडांना एकच आयपी पत्ता मिळतो. उपाय असा: इमेज बंद करण्यापूर्वी ‘मशीन-आयडी’ रिकामी करा, फाइल मात्र ठेवा. एसएसएचच्या यजमान किल्ल्या पुसा आणि पुढच्या वेळी सुरू होताना त्या नव्याने बनतील अशी सोय करा. सीएचआरमध्ये परवाना घ्यायचा असेल तर प्रतीवर आधी ‘सिस्टिम लायसन्स जनरेट-न्यू-आयडी’ ही आज्ञा द्या.

कंटेनर केव्हा, आणि इतर साधने

प्रत्येक उपकरणाला पूर्ण आभासी यंत्र लागतेच असे नाही. एफआरआर हा राउटिंगचा मुक्त संच २०१७ मध्ये क्वागापासून वेगळा झाला. तो डॉकर कंटेनरमध्ये छान चालतो आणि मेमरी फार थोडी घेतो. बीजीपी किंवा ओएसपीएफचा तीसेक राउटरांचा आराखडा त्यामुळे साध्या लॅपटॉपवर मावतो. मात्र कंटेनरला स्वतःचे कर्नल नसते, तो यजमानाचेच वापरतो. एमपीएलएसचा सराव करायचा असेल तर एमपीएलएसची मॉड्यूले यजमान संगणकावर चढवावी लागतात. ही अट व्याख्येच्या टिपेत लिहिली नाही, तर लॅब फक्त तुमच्याच यंत्रावर चालेल.

ईव्ही-एनजी वापरणाऱ्यांना व्याख्येचा काही भाग फोल्डरच्या नावातून द्यावा लागतो. फोल्डरचे नाव टेम्प्लेटच्या नावाने सुरू झाले पाहिजे, उदाहरणार्थ ‘मायक्रोटिक-’ आणि पुढे आवृत्ती. आतल्या डिस्कचे नावही ‘एचडीए’ किंवा ‘व्हर्टआयओए’ असे ठरलेले असते आणि त्यावरूनच डिस्क कशी जोडायची ते ठरते. फाइल ठेवल्यावर ‘फिक्सपरमिशन्स’ चालवायला विसरू नका. सिस्कोच्या सीएमएलमध्ये नोडची व्याख्या आणि इमेजची व्याख्या अशा दोन स्वतंत्र फाइली असतात. एका नोडला अनेक आवृत्त्या जोडायला ही रचना सोयीची. कंटेनरलॅबमध्ये सगळा आराखडाच एका वायएएमएल फाइलमध्ये लिहितात. साधन कोणतेही असो, विचारायचे प्रश्न तेच राहतात: मेमरी, डिस्क, कार्ड, पोर्टांचा क्रम, कन्सोल, इमेजची ओळख आणि माणसासाठी टीप.

दुसऱ्याच्या हाती देण्याआधी

व्याख्या लिहून झाली की या क्रमाने तपासा:

१. फाइल नव्याने आयात करा आणि इमेज ठशावरून ओळखली जाते ना ते पाहा.
२. एक नोड चालू करून कन्सोल किती वेळात येतो ते मोजा आणि तो वेळ टिपेत लिहा.
३. पहिले, मधले आणि शेवटचे पोर्ट मॅक पत्त्याने आणि शेजाऱ्याने ताडा.
४. दोन नोडांना डीएचसीपीवरून पत्ते मिळू द्या. ते वेगवेगळे आले पाहिजेत.
५. मांडणी जतन करून नोड बंद करा, पुन्हा चालू करा, मांडणी टिकली ना ते पाहा.
६. लॅबमध्ये जितके नोड लागणार तितके एकदम चालू करा आणि संगणकाची उरलेली मेमरी बघा.
७. स्थितीच्या रकान्यात खरे ते लिहा. सगळे पार पडले असेल तर ‘स्टेबल’, काही राहिले असेल तर ‘एक्सपेरिमेंटल’, आणि काय राहिले ते टिपेत.

यानंतरची चाचणी तुम्हाला एकट्याने करता येणार नाही. फाइल अशा एकाला द्या ज्याने ती लिहिताना पाहिलेली नाही: वर्गातला एखादा विद्यार्थी, शेजारच्या विभागातला सहकारी, दुसऱ्या गावी बसलेला मित्र. त्याला आधी काहीही समजावून सांगू नका. तो जे विचारेल ते लिहून घ्या: पासवर्ड काय, इमेज कुठली घेऊ, हे तिसरे पोर्ट कोणते, एवढा वेळ का लागतोय. त्यांतला प्रत्येक प्रश्न म्हणजे व्याख्येत राहून गेलेली एक ओळ. उत्तर फोनवर सांगून सोडून देऊ नका. ते फाइलमध्ये लिहा, पुढचा आकडा देऊन जतन करा आणि पुन्हा पाठवा.

आपल्या कितीतरी तंत्रनिकेतनांत आणि महाविद्यालयांत खरे राउटर मोजकेच आणि हात लावू पाहणारी मुले खूप असतात. चांगली व्याख्या लिहिणारा एक शिक्षक त्या मुलांना प्रत्येकी दहा राउटर देऊ शकतो, तेही घरच्या संगणकावर. त्यासाठी संपूर्ण प्रयोगशाळा एका दिवसात उभारायची गरज नाही. तुमच्याकडे सर्वांत जास्त वापरले जाणारे एक उपकरण निवडा, त्याचे रकाने या आठवड्यात पुरे करा आणि ती फाइल पहिल्या प्रात्यक्षिकाच्या पत्रकासोबत मुलांच्या हाती द्या.